पालिकेच्या बाकावरून : विल्यम कॉसग्रेव्ह

आयर्लंडचे नाव निघाले की आपल्याकडे डी व्हॅलेरा आठवतात, फार तर मायकेल कॉलिन्स. परंतु त्या नव्या राज्याचा गाडा पहिली दहा वर्षे ज्या गृहस्थांनी ओढला, त्या विल्यम थॉमस कॉसग्रेव्ह यांची ओळख फार थोड्यांना असते. कवी आणि शिक्षक यांच्या त्या क्रांतिकारक मांदियाळीत पालिकेचे अंदाजपत्रक वाचता येणारा हा माणूस होता, म्हणून मला त्यांच्याविषयी कुतूहल वाटत आले.

डब्लिनच्या जेम्स स्ट्रीटवर जून १८८० मध्ये त्यांचा जन्म झाला. वडिलांचे किराणा मालाचे आणि मद्याचे दुकान होते. शहराची स्थिती भयंकर होती. १९११ च्या शिरगणतीत वीस हजारांवर कुटुंबे एकेका खोलीत राहत असल्याचे आढळले. १९०९ साली कॉसग्रेव्ह शिन फेन पक्षातर्फे पालिकेवर निवडून आले आणि पुढे तेथील वित्त समितीचे अध्यक्षही झाले. घरे, गटारे, करवसुली, कंत्राटे हीच त्यांची राजकारणातील पाठशाळा.

एप्रिल १९१६ च्या अखेरीस, बेळगावास लोकमान्यांच्या होमरूल लीगची स्थापना होत होती त्याच दिवसांत, डब्लिनमध्ये बंड पेटले होते. आपल्या घराजवळच्याच साउथ डब्लिन युनियन या प्रचंड अनाथ-दरिद्राश्रमात कॉसग्रेव्ह बंदूक घेऊन उभे होते. त्यांचा सावत्र भाऊ तेथे मारला गेला. त्यांना मृत्युदंड झाला, तो जन्मठेपेवर आला आणि १९१७ साली सुटका झाली. त्याच वर्षी किल्केनीतून ते पोटनिवडणूक जिंकले.

माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व येथून पुढचे. १९१९ साली बंडखोर संसदेने त्यांना स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री केले. खाते होते, कचेरी नव्हती; मंत्री होते, पण पोलिसांच्या नजरेआडून वावरणारे. १९२० च्या निवडणुकांनंतर एकामागून एक पालिका आणि जिल्हा मंडळे इंग्रजांचे खाते सोडून या खात्याशी पत्रव्यवहार करू लागली. इंग्रजांनी अनुदाने रोखली. तेव्हा कॉसग्रेव्ह आणि त्यांचे तरुण सहायक केव्हिन ओ'हिगिन्स यांनी दरिद्राश्रम एकत्र करणे, खर्च कापणे, हिशेब तपासणे ही रुक्ष कामे जिवावर उदार होऊन केली. मे १९२१ मध्ये कस्टम हाउस जाळले गेले, त्यात इंग्रजी खात्याची दप्तरे राख झाली. गोळीबाराच्या कथा सर्वांना ठाऊक असतात. परंतु कर कोणाकडे भरावा हे जेव्हा लोकांनी ठरवले, तेव्हाच परकी सत्ता पोखरली गेली, असे मला वाटते.

डिसेंबर १९२१ च्या तहावर मंत्रिमंडळात चार विरुद्ध तीन अशी मते पडली. त्या चारांत कॉसग्रेव्ह होते. यादवी सुरू झाली. ऑगस्ट १९२२ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने ग्रिफिथ वारले, कॉलिन्स मारले गेले, आणि सूत्रे या अबोल नगरसेवकाकडे आली. त्यांचे स्वतःचे घर जाळण्यात आले. त्यांच्या सरकारने सत्याहत्तर जणांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी चौघांना ८ डिसेंबर १९२२ रोजी, चौकशीशिवाय, केवळ आदल्या दिवशी झालेल्या एका सदस्याच्या खुनाची परतफेड म्हणून. राज्य वाचवायचे होते, हे मी मान्य करतो. पण स्वतःचा मृत्युदंड माफ झालेल्या माणसाने या चौघांच्या बाबतीत हात का आखडला नाही, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

आणखी एक विलक्षण गोष्ट. ज्या डब्लिन पालिकेने त्यांना घडवले, तीच १९२४ साली त्यांच्या सरकारने बरखास्त केली आणि तीन आयुक्त नेमले. नगरसेवक परत यायला १९३० साल उजाडले. त्याच १९२४ मध्ये वृद्धांच्या निवृत्तिवेतनातून आठवड्याला एक शिलिंग कापला गेला. हिशेबी माणसाचा हिशेब कधी कधी असा निष्ठुर होतो! मात्र याच सरकारने शॅनन नदीवर वीजकेंद्र उभारण्याचे धाडस केले; १९२९ मध्ये कॉसग्रेव्ह यांच्याच हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

जुलै १९२७ मध्ये ओ'हिगिन्स यांचा खून झाला. त्यानंतर कॉसग्रेव्ह यांनी असा कायदा आणला, की शपथ घेऊन सभागृहात बसल्यावाचून डी व्हॅलेरांना गत्यंतर उरले नाही. त्यामुळे आपलीच खुर्ची धोक्यात येणार हे त्यांना कळत नसेल, असे कोण म्हणेल? फेब्रुवारी १९३२ ची निवडणूक ते हरले. बंड होईल, अशा वावड्या उठल्या होत्या; काही सदस्य खिशात पिस्तूल ठेवून सभागृहात आल्याचे सांगतात. ९ मार्चला मतदान झाले, डी व्हॅलेरा निवडले गेले. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी लढले होते, त्यांच्या हाती कॉसग्रेव्ह यांनी सैन्य, पोलीस आणि तिजोरी सोपवली, आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले.

१९४४ साली ते राजकारणातून निवृत्त झाले. घोड्यांचा त्यांना शौक होता. पुढे शर्यतींच्या मंडळाचे काम त्यांनी पाहिले. १६ नोव्हेंबर १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. गोल्डनब्रिजच्या स्मशानभूमीत त्यांना पुरले आहे. जेम्स स्ट्रीटवरच्या त्या दुकानापासून ती फारशी लांब नाही.