देवाच्या नावे सोडलेल्या मुलींचा कैवारी

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव निघताच अस्पृश्यतानिवारणाचे त्यांचे कार्य आठवते. अजाण मुलींच्या रक्षणासाठी त्यांनी केलेली धडपड मात्र काहीशी विस्मृतीत गेली आहे.

23 एप्रिल 1873 रोजी बेळगावच्या पूर्वेकडील जमखंडी संस्थानात त्यांचा जन्म झाला. घर मराठी, मुलूख कानडी. वडील रामजीबाबा वारकरी. बालविवाहाची झळ या घराला जवळून लागली. बहीण जनाक्का हिचे लग्न कोवळ्या वयात झाले आणि सासरी तिच्या वाट्याला छळ आला. नांदत्या मुलीला माहेरी ठेवणे हा तेव्हा कुळाला कलंक समजला जाई. शिंदे यांनी तो लोकापवाद पत्करला आणि बहिणीला पुण्यात हुजूरपागेच्या शाळेत घातले.

ऑक्सफर्डमधील धर्मशिक्षण संपवून 1903 मध्ये ते परतले. जेजुरीच्या खंडोबाला मुरळी म्हणून लहान मुली वाहण्याच्या चालीविरुद्ध त्यांनी माहिती जमवली, लोकमत जागवले आणि सरकारकडे दाद मागितली. अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणे 1860 च्या दंडसंहितेनुसार गुन्हाच होता. पण मुलगी देवाला वाहणारे तिचेच आईबाप. मग फिर्याद कोणी द्यावी? भंडारा उधळून झालेल्या विधीमागचा हेतू न्यायालयात कसा सिद्ध करावा? आणि सोडवून आणलेली मुलगी त्याच घरी परत पाठवायची काय?

यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कलमांत नव्हते. 18 ऑक्टोबर 1906 रोजी मुंबईत स्थापन झालेल्या त्यांच्या मिशनने निराश्रित मुलामुलींसाठी शाळा व वसतिगृहे उघडली. त्या कामात जनाक्काही झिजल्या. पुण्यात सक्तीच्या शिक्षणातून मुलींना वगळण्याचा घाट 1920 मध्ये घातला गेला, तेव्हा शिंदे त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. शाळेच्या पटावर नाव असलेली मुलगी नाहीशी झाली तर निदान कोणी विचारील, एवढा आधार त्या काळी थोडा नव्हता.

मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा 1934 मध्ये झाला. सौंदत्तीच्या यल्लम्माचे ठाणे असलेला बेळगाव जिल्हा तेव्हा याच इलाख्यात होता. तरीही निपाणी, चिकोडी भागातून मुली सोडल्या जातच राहिल्या आणि कर्नाटकाला 1982 मध्ये पुन्हा बंदीचा कायदा करावा लागला.

2 जानेवारी 1944 रोजी शिंदे यांचे निधन झाले. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न देणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा ठरवले. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवावे, बालकाला निवारा हवा असल्यास त्याची सोय व्हावी आणि विशेष न्यायालयाने शक्यतो वर्षभरात निकाल द्यावा, असे त्यात सांगितले आहे. फिर्याद कोणी द्यावी आणि मुलीने जावे कुठे, हे जेजुरीतले दोन्ही प्रश्न अखेर कायद्याच्या पुस्तकात आले. शेजारच्या घरातले रडणे ऐकून पोलीस ठाण्याची पायरी चढणारा माणूस मात्र आजही समाजालाच पुरवावा लागतो.