कवडशातला शास्त्रज्ञ : जॉन टिंडाल

दुपारी खिडकीच्या फटीतून खोलीत येणारा कवडसा तुम्ही नक्कीच पाहिला असेल. त्यात हजारो बारीक कण तरंगत असतात. लहानपणी आजीच्या घरी मी ते मुठीत पकडायचा प्रयत्न करायचे. पुढे नववीत टीचरनी फळ्यावर 'टिंडाल इफेक्ट' असं लिहिलं आणि आम्ही दोन मार्कांची व्याख्या पाठ केली. मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे 'कवडसा' हा शब्द आजीकडून मिळाला आणि 'टिंडाल इफेक्ट' शाळेतून. दोन्ही एकच आहेत हे कळायला मात्र इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष उजाडावं लागलं!

कारण होतं आपला पर्यावरणाचा पेपर. त्यात हवेचं प्रदूषण एका युनिटमध्ये आणि ग्लोबल वॉर्मिंग दुसऱ्या युनिटमध्ये. एक ऑप्शनला टाकायचं, दुसरं करायचं. मी टिंडाल यांच्याबद्दल वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की या माणसाच्या प्रयोगशाळेत ही दोन्ही युनिटं एकाच टेबलावर होती.

जॉन टिंडाल यांचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधल्या कार्लो परगण्यात झाला. वडील पोलीस शिपाई, घरची परिस्थिती बेताची. पण गणित पक्कं होतं. १८३९ मध्ये ते सरकारच्या सर्वेक्षण खात्यात नकाशे काढायला लागले आणि तीन वर्षांनी इंग्लंडला गेले. तिथे पगार आणि वागणूक या दोन्हीबद्दल त्यांनी आवाज उठवला, आणि १८४३ मध्ये नोकरी गेली. मग रेल्वेचे मार्ग आखायचं काम धरलं. म्हणजे सिव्हिलवाल्यांनो, हा तुमचाच माणूस! त्यानंतर एका शाळेत गणित आणि सर्व्हेइंग शिकवलं, आणि १८४८ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, साठवलेले पैसे घेऊन ते जर्मनीत मारबुर्गला शिकायला गेले. तिथे शिकवायला होते बुन्सेन. हो, तेच बर्नरवाले. दोन वर्षांत डॉक्टरेट मिळाली. एखाद्या सेमिस्टरला केटी लागली की आपण आयुष्य संपल्यासारखं तोंड करतो, त्यांनी हे वाचायला हवं.

१८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते प्राध्यापक झाले. तिथे फॅरेडे त्यांचे ज्येष्ठ सहकारी होते. टिंडाल यांना गिर्यारोहणाचं वेड होतं. आल्प्समधलं वाइसहॉर्न शिखर १८६१ मध्ये सर्वप्रथम त्यांनीच सर केलं. पण तिथे ते हिमनद्यांचा अभ्यासही करत होते. एके काळी युरोपभर पसरलेला बर्फ मागे का हटला, हा त्या काळातला मोठा प्रश्न होता. त्याचं उत्तर हवेत तर नसेल?

१८५९ मध्ये त्यांनी एक उपकरण बनवलं. एक पोकळ पितळी नळी, दोन्ही टोकांना सैंधव मिठाच्या पारदर्शक चकत्या. काच का नाही? कारण काच ही उष्णता अडवते, सैंधव अडवत नाही. नळीच्या एका बाजूला उकळत्या पाण्याचं भांडं, दुसऱ्या बाजूला थर्मोपाइल आणि त्याला जोडलेला गॅल्व्हानोमीटर. आता नळीत एकेक वायू भरायचा आणि काटा बघायचा. ऑक्सिजन आणि नायट्रोजन भरले तर काटा जेमतेम हलला. पण पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, इथिलीन, ओझोन यांनी उष्णता अडवली. म्हणजे हवेत ज्यांचं प्रमाण अगदी थोडं आहे, तेच वायू पृथ्वीला पांघरूण घालतात! त्यांचं प्रमाण बदललं तर हवामान बदलेल, हेही त्यांनी मांडलं. (त्याआधी १८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी सूर्यप्रकाशात वायूंच्या नळ्या ठेवून कार्बन डायऑक्साइड जास्त तापतो हे दाखवलं होतं. त्यांचं नाव मात्र दीडशे वर्षं कुणी घेतलं नाही. असो.)

दहा वर्षांनी कवडशाची गोष्ट आली. १८६८ च्या सुमारास टिंडाल काचेच्या नळीत निरनिराळ्या वाफा भरून त्यातून प्रखर प्रकाशझोत सोडत होते. पण धूळ मध्ये यायची. हवा ज्योतीवरून नेली तर धूळ नाहीशी व्हायची, म्हणजे ती बरीचशी सेंद्रिय, जळणारी होती! कापसातून गाळली तरी झोत काळा पडायचा. मग त्यांनी स्वतःचा उच्छ्वास झोतात सोडला. सुरुवातीला कण दिसले, पण उच्छ्वासाच्या शेवटी, फुप्फुसाच्या तळातून आलेली हवा झोतात अगदी काळी दिसली. मग आत गेलेली धूळ कुठे गेली? आतच राहिली! आज आपण पीएम २.५ म्हणतो, त्याची भीती या एका साध्या प्रयोगात आहे. त्यांनी नुसतं व्याख्यान देऊन सोडलं नाही, तर आग विझवणाऱ्या जवानांसाठी कापूस, ग्लिसरीन आणि कोळशाचा मास्क तयार केला.

आणि धूळ काढून टाकल्यावर त्या नळीत काय दिसलं? अमाइल नायट्राइटची वाफ स्वच्छ, पारदर्शक होती. झोत सोडल्यावर काही क्षणांनी तिच्यात ढग तयार झाला! नुसत्या प्रकाशाने वाफेची रासायनिक क्रिया होऊन धुकं झालं. पुढे १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मिट यांनी लॉस एंजेलिसच्या स्मॉगचा उलगडा केला. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन यांच्यावर ऊन पडलं की ओझोन आणि धुरकट कण बनतात. प्रकाशाने वाफेचं धुकं होतं, हे टिंडाल यांनी आधीच नळीत दाखवलं होतं.

आता ही दोन टेबलं एकत्र ठेवा. कार्बन डायऑक्साइड तेव्हा हवेत दहा लाखांत सुमारे २८५ भाग होता, आज ४२० च्या वर आहे. त्यामुळे हवा तापते. दिवस जितका तापलेला, तितक्या स्मॉगच्या क्रिया जलद होतात आणि झाडंसुद्धा जास्त हायड्रोकार्बन सोडतात. उष्णतेच्या लाटेत वारा पडतो, त्यामुळे घाण हवा शहरावरच बसून राहते. ऑगस्ट २००३ मध्ये युरोपात हेच झालं. हजारो माणसं गेली, त्यात उन्हाबरोबर ओझोनचाही वाटा होता. जंगलं सुकली की पेटतात. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांच्या धुराने न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं होतं. म्हणजे गाड्या तेवढ्याच राहिल्या, धूर तेवढाच राहिला, तरी नुसत्या तापमानाने श्वास खराब होऊ शकतो. आणि ओझोन तर दोन्हीकडे आहे. जमिनीलगत तो छाती जाळतो आणि वर उष्णताही अडवतो.

टिंडाल यांच्या लंडनमध्ये कोळशाचा धूर सगळ्यांना दिसत होता. डिसेंबर १८७३ च्या धुक्यात शेकडो माणसं गेली. पण त्याच कोळशातून निघणारा, न दिसणारा वायू दाखवायला त्यांची सैंधवाची नळी लागली.

त्यांचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. म्हातारपणी त्यांना झोप येत नसे, म्हणून ते क्लोरल घ्यायचे. ४ डिसेंबर १८९३ ला पत्नी लुईझा यांच्या हातून चुकीच्या बाटलीतलं औषध दिलं गेलं. मॅग्नेशियाऐवजी क्लोरल. त्याच दिवशी ते गेले. लुईझाबाई त्यानंतर ४७ वर्षं जगल्या, नवऱ्याच्या चरित्रासाठी कागद गोळा करत. ते चरित्र त्यांच्या हयातीत पूर्ण झालंच नाही. दोन सारख्या बाटल्यांनी एक घर उद्ध्वस्त केलं.

आपण उद्या इंजिन, बॉयलर, चिमण्या डिझाइन करणार आहोत. चिमणीला फिल्टर बसवला, धूर दिसेनासा झाला की काम झालं, असं आपल्याला वाटेल. पण फिल्टर धूळ अडवतो, कार्बन डायऑक्साइड नाही. तो वर जातो, हवा तापवतो आणि फिरून आपल्याच छातीत उतरतो. म्हणून परीक्षेत एक युनिट ऑप्शनला टाका हवं तर, पण नोकरीत टाकू नका!

आणि पुढच्या वेळी होस्टेलच्या खोलीत कवडसा आला की पडदा ओढायच्या आधी दोन मिनिटं बघा. जे दिसतंय ते टिंडाल यांनी दाखवलं. जे दिसत नाहीये, तेही त्यांनीच.