जॉर्ज प्राइस

जॉर्ज रॉबर्ट प्राइस (६ ऑक्टोबर १९२२, न्यूयॉर्क – ६ जानेवारी १९७५, लंडन) हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ व उत्क्रांतीचे अभ्यासक होते. अन्नासाठी वा जोडीदारासाठी झगडणाऱ्या प्राण्यांच्या वर्तनाला खेळ सिद्धान्त लावण्याची वाट त्यांनी जॉन मेनार्ड स्मिथ यांच्यासह घालून दिली.

जीवन
शिकागो विद्यापीठातून १९४६ साली त्यांनी रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. महायुद्धकाळात ते मॅनहॅटन प्रकल्पात होते. नंतर बेल प्रयोगशाळा, आयबीएम अशा नोकऱ्या झाल्या. १९६६ मध्ये थायरॉइडच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेने त्यांचा एक खांदा अधू झाला. विम्याची रक्कम घेऊन पुढच्याच वर्षी ते लंडनला गेले.

तेथे विल्यम हॅमिल्टन यांचे परार्थवृत्तीवरील लेख त्यांच्या वाचनात आले. जीवशास्त्राचे औपचारिक शिक्षण नसतानाही, नैसर्गिक निवडीने एखाद्या गुणाची सरासरी पिढीगणिक कशी बदलते हे सांगणारे समीकरण त्यांनी मांडले. १९६८ मध्ये ओळखदेख नसताना ते युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले, समीकरण दाखवले आणि त्यांना तेथे जागा मिळाली. १९७० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेले ते समीकरण आज प्राइस यांच्याच नावाने ओळखले जाते.

प्राण्यांचे झगडे
हरणांना शिंगे असूनही ती एकमेकांना सहसा ठार का करीत नाहीत? जातीच्या हितासाठी, असे उत्तर तेव्हा दिले जाई. प्राइस यांना ते पटले नाही. संयम प्रत्येक प्राण्याच्या स्वतःच्याच फायद्याचा ठरतो, असे त्यांनी एका दीर्घ लेखात दाखवले. लेख फार लांबल्याने तो छापला गेला नाही. पण परीक्षक मेनार्ड स्मिथ यांनी त्यातील कल्पनेचे श्रेय प्राइस यांना मिळावे असा आग्रह धरला. १९७३ चा ‘नेचर’मधील लेख म्हणूनच दोघांच्या नावे आहे.

पुढे रूढ झालेल्या ससाणा-पारवा उदाहरणात मुद्दा सोपा होतो. ससाणा जखमी होईपर्यंत लढतो, पारवा लढाई टाळतो. अन्नाचे मोल ४० आणि जखमेची किंमत १०० धरली, तर कळपात ससाणे ४० टक्के असताना डावपेच बदलून कोणालाच लाभ होत नाही. ससाणे वाढले की जखमाही वाढतात, घटले की लूट स्वस्त होते. याच धर्तीवर १९८१ साली बर्नार्ड व सिब्ली यांनी चिमण्यांच्या थव्यातील अन्न शोधणारे आणि दुसऱ्याने शोधलेले पळवणारे यांचा अभ्यास केला. पळवणारे थोडे असतात तोवरच त्यांची चंगळ असते.

अखेर
१९७० मध्ये प्राइस उत्कट ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले. पैसा, कपडे, राहती जागा, सारे त्यांनी बेघर लोकांना देऊन टाकले. खिन्नतेने ग्रासलेल्या प्राइस यांनी लंडनमध्ये स्वतःचे जीवन संपवले. समीकरणामुळेच ते खचले, ही लोकप्रिय समजूत फार सोपी आहे. आजार, एकटेपणा आणि दारिद्र्य तिच्यात झाकले जाते. अंत्यविधीला हॅमिल्टन, मेनार्ड स्मिथ आणि प्राइस यांनी आधार दिलेले काही निराधार लोक आले होते.