बुरुड राजाचा कोट आणि पंडित भगवानलाल

नालासोपाऱ्याच्या स्तूपावर आपले बांधव वंदनेला जातात. हा स्तूप उजेडात आणणाऱ्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे नाव मात्र किती जणांना ठाऊक आहे?

१८३९ साली जुनागडला जन्मलेल्या भगवानलालांना गिरनारच्या अशोक-शिलालेखाने तरुणपणीच वेड लावले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना मुंबईत आणले. लेणी, डोंगर, नेपाळ पालथे घालून त्यांनी शिलालेख वाचले. इंग्रजी बेताचे, तरीही लाइडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

१८८२ साली त्यांनी सोपाऱ्याचा ढिगारा खणला. गावकरी त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक करंडक, भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे, यज्ञश्री सातकर्णीचे नाणे आणि आठव्या-नवव्या शतकातील आठ बुद्धमूर्ती निघाल्या. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या धम्मयात्रेच्या लेखाचा तुकडाही मिळाला. १८८८ साली भगवानलाल गेले.

बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्याच १९५६ साली शेजारच्या भुईगावात अशोकाचा नववा लेख सापडला. म्हणजे ही भूमी तेव्हाही रिती झालेली नव्हती!

२००९ साली येथे महानगरपालिका झाली. इमारतींच्या पायासाठी यंत्रे खोल जातात. ती विटा आणि खापरे ओळखत नाहीत. म्हणून आधी शास्त्रीय उत्खनन, मग बांधकाम, ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे. वंदनेइतकेच तेही आपले कर्तव्य आहे.