संत झेली मार्टिन : कामाच्या रगाड्यातील प्रार्थना



बाळ येशूची संत तेरेजा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. क्रूस आणि गुलाबाची फुले हृदयाशी धरलेले तिचे चित्र आपण लहानपणापासून पाहत आलो. तिची आई मात्र बरीच वर्षे लेकीच्या सावलीत राहिली. 18 ऑक्टोबर 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी झेली मार्टिन आणि तिचा पती लुई या दोघांना एकत्र संतपद बहाल केले. पतिपत्नींना असे जोडीने संत घोषित करण्याची ती पहिलीच वेळ होती. 12 जुलै हा त्यांचा सण.

प्रार्थनेला वेळच होत नाही, ही आयांची तक्रार आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. मार्था आणि मरिया यांच्या उताऱ्यावर प्रवचन सुरू झाले की मागच्या बाकांवरच्या काही आया एकमेकींकडे पाहून हसतात, तेही आमच्या नजरेतून सुटत नाही. मरिया प्रभूच्या पायाशी बसली, पण मग जेवण कोणी केले? प्रश्न रास्त आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही अ‍ॅरिस्टॉटल वाचला. चिंतन हे माणसाचे सर्वांत श्रेष्ठ कार्य आणि त्यासाठी निवांतपणा हवा, असे त्याचे म्हणणे. त्याच्या नगरातला तो निवांतपणा दासदासींच्या कष्टावर उभा होता. झेलीकडे तसा निवांतपणा नव्हता. म्हणून तिचे चरित्र आम्हाला अधिक कामाचे वाटते.

झेलीचा जन्म 23 डिसेंबर 1831 रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात झाला. वडील पोलीस शिपाई, आई कडक स्वभावाची. बालपण कोरडे गेले, खेळायला एक बाहुलीसुद्धा मिळाली नाही, असे तिने पुढे आपल्या भावाला लिहिले. तरुणपणी तिला धर्मभगिनी व्हायचे होते. आलाँसाँ गावात संत व्हिन्सेंट दे पॉल यांच्या भगिनी रुग्णालय चालवत. तिथे ती गेली, पण मदर सुपिरिअरने तिला नकार दिला. मग ती लेस विणायला शिकली आणि विशीच्या सुरुवातीलाच तिने स्वतःचा धंदा उभा केला.

आलाँसाँची लेस म्हणजे सुईने विणलेली जाळी. तिचा एक चौरस सेंटिमीटर पुरा व्हायला सुमारे सात तास लागतात. नक्षी काढणे, जाळी भरणे, कड उठवणे असे कामाचे टप्पे वेगवेगळ्या बायका आपापल्या घरी करत आणि गुरुवारी झेलीकडे माल आणून देत. ते बारीक तुकडे जोड दिसणार नाही असे एकत्र करण्याचे सर्वांत नाजूक काम झेली स्वतः करी. खिडकीपाशी बसून, उजेड असेपर्यंत.

13 जुलै 1858 रोजी तिचे लुईशी लग्न झाले. लुई घड्याळे दुरुस्त करी. दोघांना नऊ मुले झाली. फेब्रुवारी 1867 ते ऑक्टोबर 1870 या पावणेचार वर्षांत त्यांतली चार दगावली. ज्यांनी एक मूल गमावले आहे त्यांना हा आकडा समजावून सांगायची गरज नाही. 1871 च्या जानेवारीत प्रशियाचे सैन्य गावात शिरले आणि नऊ सैनिक मार्टिन कुटुंबाच्या घरात उतरवले गेले. त्यांचेही खाणेपिणे झेलीच्याच गळ्यात. धंदा तर सुटत नव्हता. मागणी फार आली की आपण त्या लेसच्या गुलाम होतो आणि मागणी थांबली की घोर लागतो, असे तिच्या पत्रांतून येते. तिची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत साक्षात्कार नाहीत. मुलींचे कपडे, दाया, पडसे-खोकला, गिऱ्हाइकांची थकलेली बिले आणि मध्येच देव.

मग तिला प्रभूसोबत निवांत बसायला वेळ कधी मिळे? पहाटे साडेपाचची मिस्सा ती आणि लुई सहसा चुकवत नसत. ही कामगारांची, गोरगरिबांची मिस्सा. पहाटे त्यांच्या घराचे दार वाजले की शेजारी कूस बदलत. मार्टिन पतिपत्नी चर्चला निघाले, म्हणजे आपल्याला अजून झोपता येईल, हा त्यांचा हिशेब. दुसरा वेळ म्हणजे रविवार. आठवडी खरेदीला गावात येणारे शेतकरी रविवारी दागिने आणि घड्याळे घेत. निदान बाजूचे दार उघडे ठेव, असे लुईला मित्रांनी सुचवले. त्याने ऐकले नाही. आपल्या घराला जी बरकत आली ती रविवार पाळल्यामुळे, असे झेलीचे ठाम मत होते. रविवारी सुई खाली ठेवायची. मिस्सा, संध्याकाळची उपासना, मुलींना घेऊन फेरफटका आणि मग पत्रे. मागणीचा माल पुरा झाला नसला तरी. आम्हाला यात तिचा सर्वांत मोठा विश्वास दिसतो. काम संपल्यावर विसावा घेणे कोणालाही जमते. काम अर्धे पडलेले असताना उठायला मात्र देवावर भरवसा लागतो.

तरीही झेलीची प्रत्येक गोष्ट उचलावी असे आम्ही म्हणणार नाही. सर्वांआधी उठणे आणि सर्वांमागून झोपणे हा तिचा क्रम होता. डोकेदुखी तिची जन्माची सोबतीण. तिचा थकवा पत्रांतून लपत नाही. पहाटे आणखी तासभर लवकर उठा, असा सल्ला आयांना द्यायला हे चरित्र वापरू नये. उलट पुरुषमंडळींनी लुईकडे पाहावे. 1870 मध्ये त्याने आपले दुकान भाच्याला विकले आणि बायकोच्या धंद्याचा हिशेब आणि प्रवास अंगावर घेतला. त्या काळी हे साधे नव्हते.

कधी कधी प्रार्थनेला मिळे तो फक्त जिना चढायचा वेळ. मार्च 1873 ची गोष्ट. तेरेजा सव्वादोन महिन्यांची होती आणि मरणाच्या दारी होती. झेलीला अंगावर पाजता येत नव्हते. ती सेमाले खेड्यात रोझ नावाच्या दाईला आणायला पहाटे पायी गेली. घरी पोहोचल्यावर रोझने बाळाकडे पाहून मान हलवली. झेली वरच्या खोलीत गेली, संत योसेफाच्या मूर्तीपुढे गुडघे टेकले, बाळ बरे व्हावे अशी याचना केली आणि देवाची इच्छा होईल ती स्वीकारली. खाली आली तेव्हा बाळ दूध पीत होते. मग ते निपचित पडले, गेलेच असे वाटले. पाव तासाने तेरेजाने डोळे उघडले आणि ती हसली.

पन्नाशी गाठायच्या आधीच झेलीला एकांताची ओढ अनावर होऊ लागली. आपल्याला मठ आणि एकांत यांचीच स्वप्ने पडतात, मुली मोठ्या झाल्या की आपण निवांत राहू, त्यासाठी खूप वर्षे जगायला हवे, अशा अर्थाचे तिने लिहून ठेवले आहे. ते म्हातारपण तिला मिळाले नाही. डिसेंबर 1876 मध्ये छातीतल्या गाठीवर आता इलाज नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. जून 1877 मध्ये तिन्ही मोठ्या मुलींना घेऊन ती लूर्दला गेली. चार वेळा तिथल्या पाण्यात उतरली. गुण आला नाही. परत येऊन तिने पुन्हा सुई हातात घेतली.

3 ऑगस्ट हा महिन्याचा पहिला शुक्रवार होता. मानेच्या वेदनांमुळे तिला पाऊल टाकणे कठीण झाले होते, तरी लुईच्या आधाराने ती सात वाजताच्या मिस्साला गेली. चर्चचा दरवाजा लोटायचे बळही तिच्यात नव्हते. कोणीतरी तो उघडून दिला, म्हणून ती आत जाऊ शकली. 28 ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर तिने प्राण सोडला. वय 45. धाकटी तेरेजा साडेचार वर्षांची होती.