फाटक उघडं ठेवणारे कुलगुरू

न्यू हेवन आमच्या घरापासून पाऊण तासावर. भारतातून कुणी आलं की त्यांना येल विद्यापीठ दाखवायचं आणि तिथला पिझ्झा खाऊ घालायचा, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. 2024 च्या एप्रिलअखेर सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. तेव्हा गाझाच्या युद्धावरून इथल्या कॉलेजांमध्ये तंबू ठोकून आंदोलनं चालू होती. आमची लेक दुसऱ्या राज्यात शिकत होती. तिच्या विद्यापीठाने फाटकं लावून घेतली होती, ओळखपत्राशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. तिची एक मैत्रीण तंबूत झोपत होती, आणि तिची ज्यू रूममेट त्याच हिरवळीवरून जायला घाबरत होती. पोलिस मुलांना उचलून नेतायत हे सासूबाई रोज टीव्हीवर बघायच्या आणि मला विचारायच्या, पोरांना बोलू द्यायचं की सुखरूप ठेवायचं? दोन्ही कसं जमणार गं?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण येलला गेलो तेव्हा मी त्यांना शेजारच्या ग्रोव्ह स्ट्रीट दफनभूमीत नेलं आणि किंगमन ब्रूस्टर यांच्या थडग्यापाशी उभं राहून त्यांची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

ब्रूस्टर 1963 ते 1977 येलचे प्रेसिडेंट होते, म्हणजे आपल्या भाषेत कुलगुरू. जन्म 1919 चा, मॅसॅच्युसेट्समधला. मेफ्लॉवर जहाजातून 1620 साली आलेल्यांचे वंशज, म्हणजे इथलं अगदी जुनं, मानाचं घराणं. पण विद्यार्थी असताना गडी सरकारच्या विरोधात उभा होता. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात पडू नये म्हणून येलमध्ये जी चळवळ सुरू झाली, तिच्यात ते पुढे होते. पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि तेच नौदलात वैमानिक म्हणून गेले. विरोध करणारा विद्यार्थी देशाचा शत्रू नसतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

तरीही पहिल्या परीक्षेत ते चुकले. सप्टेंबर 1963. कुलगुरूपद अजून हंगामी होतं. विद्यार्थ्यांच्या एका संघटनेने अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांना भाषणाला बोलावलं होतं. वॉलेस म्हणजे काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवण्याचे कट्टर पुरस्कर्ते. तेवढ्यात त्यांच्याच राज्यात, बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार काळ्या मुली गेल्या. न्यू हेवनमध्ये दंगल होईल या भीतीने ब्रूस्टर यांनी विद्यार्थ्यांना निमंत्रण मागे घ्यायला सांगितलं, आणि त्यांनी ते घेतलं. त्यावर विरोधाचं पत्र कुणाचं आलं असेल? पॉली मरे यांचं. त्या काळ्या वकील, तेव्हा येलमध्येच कायद्यात डॉक्टरेट करत होत्या. वर्णामुळे त्यांना एका विद्यापीठाने प्रवेश नाकारलेला. तरी त्यांचं म्हणणं असं, की वॉलेसना बोलू द्या. दंगलीच्या भीतीने तोंड बंद करायचं ठरवलं, तर उद्या ते आमचंही बंद होईल. आज येलमध्ये त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. सासूबाईंना मी तेही दाखवलं.

पुढच्याच वर्षी ब्रूस्टर यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांना मानद पदवी दिली आणि माजी विद्यार्थी खवळले. ऐपत न बघता प्रवेश द्यायचं धोरण त्यांच्याच काळात आलं. 1969 मध्ये येलच्या पदवी वर्गांत पहिल्यांदा मुली आल्या.

खरी कसोटी लागली 1970 च्या मे महिन्यात. एका तरुणाचा छळ करून खून झाला होता, ॲलेक्स रॅकली त्याचं नाव. त्या प्रकरणी ब्लॅक पँथर पक्षाचे बॉबी सील आणि इतरांवर न्यू हेवनला खटला होता. कोर्ट विद्यापीठाला अगदी लागून. 1 मे रोजी देशभरातून हजारो निदर्शक येणार होते. दुकानदारांनी काचांवर फळ्या ठोकल्या. गव्हर्नरांनी नॅशनल गार्ड बोलावलं आणि केंद्र सरकारने शेजारच्या राज्यांत मरीन सैनिक आणून ठेवले. बरेच विद्यार्थी घरी निघून गेले. दोनच आठवडे आधी हार्वर्डने निदर्शकांसमोर फाटकं बंद केली होती, तर बाहेर चौकात दंगल उसळून कित्येक जखमी झाले होते.

ब्रूस्टर यांनी उलट केलं. फाटकं उघडी ठेवली. आलेल्यांना वसतिगृहांत झोपायला जागा आणि जेवण दिलं. शहराचे पोलिसप्रमुख जेम्स अहर्न यांच्याशी आधीच बोलून ठेवलं. वर्गांना सूट दिली, पण विद्यापीठ बंद केलं नाही. आणि प्राध्यापकांच्या सभेत ते असंही बोलून गेले, की काळ्या क्रांतिकारकांना या देशात कुठेही न्याय्य खटला मिळेल याची आपल्याला शंका वाटते. झालं! न्यायाधीश नाराज. उपराष्ट्राध्यक्ष ॲग्न्यू यांनी तर त्यांना काढा म्हणून जाहीर मागणी केली. विद्यार्थ्यांनी मात्र हजारोंच्या सह्या गोळा करून पाठिंबा दिला.

सगळं सुरळीत पार पडलं असं नाही. रात्री दगडफेक झाली, अश्रुधूर सोडला गेला, आइस हॉकीच्या स्टेडियममध्ये बॉम्ब फुटले. पण एकही जीव गेला नाही. श्रेय एकट्या ब्रूस्टर यांचं नव्हे. विद्यार्थी स्वयंसेवक रात्रभर रस्त्यावर होते आणि खुद्द पँथरची माणसं जमावाला परत फिरा म्हणून सांगत होती. दोनच दिवसांनी, 4 मे रोजी, ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डने गोळ्या झाडल्या आणि चार विद्यार्थी गेले. सील यांच्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही, 1971 मध्ये न्यायाधीशांनी आरोप रद्द केले.

अजून एक धडा बाकी होता. 1974 मध्ये नोबेलविजेते विल्यम शॉकली येलला आले. काळे लोक जन्मतःच बुद्धीने कमी, असं सांगत फिरणारे हे गृहस्थ. मुलांनी आरडाओरडा करून त्यांना बोलूच दिलं नाही. ब्रूस्टर यांनी इतिहासकार सी. व्हॅन वुडवर्ड यांची समिती नेमली. अहवाल आला तो असा, की निषेध करा, पण दुसऱ्याचा आवाज दाबायचा हक्क कुणालाच नाही. त्यात 1963 च्या वॉलेस प्रकरणाचीही झाडाझडती होती, म्हणजे समिती नेमणाऱ्याचीच. तो अहवाल येलमध्ये आजही प्रमाण मानतात.

ब्रूस्टर पुढे ब्रिटनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले. 1988 मध्ये ऑक्सफर्डला वारले. त्यांच्या दगडावर जे कोरलंय त्याचा मतलब मी सासूबाईंना मराठीत सांगितला. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे नुसतं कायद्याचं कलम नाही. अनोळखी माणसाबद्दल आधी चांगलं धरून चालायला मोठं मन लागतं, त्यावर ते उभं आहे.

सासूबाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, लेकीला फोन लाव. फोनवर त्यांनी आंदोलनाचा विषयच काढला नाही. एवढंच विचारलं, तुझी तंबूतली मैत्रीण आणि ती घाबरलेली रूममेट एकत्र जेवल्यात का गं कधी? लेक म्हणाली, नाही आजी. त्यावर सासूबाई म्हणाल्या, मग तू बोलव की दोघींना. खिचडी तर येते ना तुला?

त्या रविवारी खिचडी झाली. वाद कडाक्याचा झाला म्हणे. पण दोघी जेवून गेल्या.