व्यंकटेश बापूजी केतकर

व्यंकटेश बापूजी केतकर (जन्म : नरगुंद, जानेवारी १८५४, मृत्यू : ऑगस्ट १९३०) हे ज्योतिर्गणिती, पंचांगसंशोधक आणि ग्रंथकार होते. व्यवसायाने ते शाळाशिक्षक होते. नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत, असे त्यांनी १९११ मध्ये गणिताच्या आधारे मांडले आणि त्या ग्रहांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या नावातील साम्यामुळे ते यांचे पुत्र असावेत असा समज होऊ शकतो. तसे नाते नाही.

जीवन

केतकरांचा जन्म शके १७७५ च्या पौष महिन्यात नरगुंद येथे झाला. हे गाव आज कर्नाटकातील गदग जिल्ह्यात आहे. त्या वेळी तेथे भावे घराण्याचे मराठी संस्थान होते. व्यंकटेश चार वर्षांचे असताना, १८५८ मध्ये, संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यात त्यांना फाशी झाली आणि संस्थान खालसा झाले. केतकरांचे वडील स्वतः ज्योतिषशास्त्राचे जाणकार होते आणि ग्रहगणिताचे संस्कार घरातूनच झाले.

पुढे केतकरांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी धरली आणि बागलकोटच्या इंग्रजी शाळेत अध्यापन केले. वेधशाळा, मोठी दुर्बीण किंवा विद्यापीठाचे ग्रंथालय त्यांच्या हाताशी नव्हते. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात समकालीन ज्योतिषांमध्ये त्यांची दखल घेतली. दीक्षितही शिक्षकच होते. त्या काळातील मराठी ज्योतिर्गणिताचा बराच भार शाळामास्तरांनी वाहिला, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

ग्रहगणित आणि गुरु-शनींचे आकर्षण

महाराष्ट्रातील पंचांगे तोवर प्रामुख्याने गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ (शके १४४२) या ग्रंथावरून होत. साडेतीन शतकांत त्यातील सूक्ष्म चुका साठत गेल्या आणि पंचांगात लिहिलेला ग्रह व आकाशात दिसणारा ग्रह यांत अंतर पडू लागले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून दुरुस्तीचा मार्ग दाखवला. केतकरांनी तोच मार्ग पुढे नेला. ‘ज्योतिर्गणितम्’ या संस्कृत ग्रंथात त्यांनी युरोपीय गणिताचे निष्कर्ष भारतीय पद्धतीच्या कोष्टकांत बसवले. ‘केतकी ग्रहगणितम्’ हा त्यांचा दुसरा महत्त्वाचा ग्रंथ असून त्यावर त्यांचे पुत्र दत्तराज यांची ‘परिमल’ ही टीका आहे.

या कामातील सर्वांत किचकट भाग गुरू आणि शनी यांचा. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आणि शनीचे ९५ पट आहे. सूर्याभोवती फिरताना हे दोन ग्रह एकमेकांना ओढतात. गुरूच्या पाच प्रदक्षिणांना सुमारे ५९.३ वर्षे लागतात, शनीच्या दोन प्रदक्षिणांना सुमारे ५८.९. हा मेळ जवळजवळ जुळणारा, पण पूर्ण न जुळणारा असल्यामुळे एकाच दिशेची ओढ शतकानुशतके साठत जाते आणि सुमारे ९०० वर्षांच्या आवर्तनात दोन्ही ग्रह आपल्या मध्यम स्थानापासून मागे-पुढे होतात. गुरूच्या बाबतीत हा फरक सुमारे २० कलांपर्यंत जातो, शनीच्या बाबतीत पाऊण अंशाहून अधिक. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने हे कोडे सोडवले. ग्रहलाघवाच्या पद्धतीत या परस्पर आकर्षणाला जागाच नव्हती.

हे महाग्रह कशाचे बनले आहेत, हे मात्र त्या काळी कोणालाच नीट ठाऊक नव्हते. उपग्रहांच्या प्रदक्षिणाकालावरून वस्तुमान निघे, दुर्बिणीतून व्यास मोजता येई आणि दोहोंवरून घनता काढता येई. गुरूची घनता पाण्याच्या १.३३ पट, तर शनीची अवघी ०.६९ पट, म्हणजे पाण्याहूनही कमी, भरते. एवढी विरळ वस्तू खडकाची असणार नाही, हे उघड होते. शनी इतका फुगलेला असल्यामुळेच ९५ पट वस्तुमान असूनही त्याच्या ढगांच्या माथ्यावरील गुरुत्वाकर्षण पृथ्वीपेक्षा किंचितच जास्त आहे. गुरूवर ते सुमारे अडीच पट आहे. या ग्रहांच्या वातावरणातील मिथेन व अमोनिया यांची ओळख १९३२ मध्ये, केतकरांच्या निधनानंतर दोन वर्षांनी पटली. गुरू व शनी मुख्यत्वे हायड्रोजन व हेलियम यांचे बनलेले असल्याचे चित्र त्यानंतर स्पष्ट होत गेले. कक्षेच्या गणिताचे त्यावाचून अडले नाही. दूरच्या ग्रहाला जाणवते ते एकूण वस्तुमान. ते वायूचे आहे की खडकाचे, याने फरक पडत नाही.

नेपच्यूनपलीकडील ग्रहांचे भाकीत

१९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या नियतकालिकात केतकरांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याचा आधार लाप्लासने गुरूच्या उपग्रहांत दाखवलेला एक संबंध होता. आयोची रोजची मध्यम गती २०३.४८९ अंश, युरोपाची १०१.३७५ आणि गॅनिमीडची ५०.३१८ अंश आहे. आयोच्या गतीत गॅनिमीडची दुप्पट गती मिळवली की बरोबर युरोपाची तिप्पट गती येते. गुरूच्या प्रबळ आकर्षणाखाली परस्परांना ओढणारे हे तीन उपग्रह असे बांधले गेले आहेत. युरेनस, नेपच्यून आणि त्यापलीकडचे अज्ञात ग्रहही अशाच बंधनात असावेत, असे केतकरांनी गृहीत धरले.

त्यावरून ब्रह्मा ग्रहाचे सूर्यापासूनचे मध्यम अंतर ३८.९५ खगोलीय एकके आणि प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षे असा निघाला. या आकड्यांचा ताळा पाहण्यासारखा आहे. युरेनसची वार्षिक गती ४.२८५ अंश, ब्रह्माची १.४८६ अंश. पहिलीत दुसरीची तिप्पट मिळवली की ८.७४३ अंश होतात, नेपच्यूनची २.१८५ अंश ही गती चौपट केली की ८.७४०. दुसरा ग्रह विष्णू याहून बराच दूर मानलेला होता.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे मध्यम अंतर ३९.४८ एकके आणि प्रदक्षिणाकाल सुमारे २४८ वर्षे. त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच केतकरांचे निधन झाले.

प्लूटोचा शोध केतकरांनी लावला, असे विधान अधूनमधून केले जाते. ते टिकणारे नाही. केतकरांनी अंतर आणि प्रदक्षिणाकाल दिला, पण ग्रह आकाशात कोठे शोधावा हे दिले नव्हते. शिवाय १९७८ मध्ये प्लूटोचा उपग्रह शॅरन सापडल्यावर प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्श्याइतकेच भरले. महाग्रहांशी बरोबरीने बांधला जाईल असा तो ग्रह नव्हे. २००६ पासून त्याची गणना बटुग्रहांत होते. विष्णू तर कधीच सापडला नाही. पर्सिव्हल लॉवेल यांचे गणितही याच कसोटीवर फसले, कारण त्यांनी कल्पिलेला ग्रह पृथ्वीच्या सहा-सात पट जड होता. तरी केतकरांच्या मूळ कल्पनेत तथ्याचा अंश होता. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्यात प्लूटोच्या दोन होतात आणि हे बंधन नेपच्यूनच्या आकर्षणाने टिकून आहे, हे १९६५ मध्ये संगणकाने केलेल्या गणितातून दिसून आले. पूर्णांकांचे नाते खरे निघाले, फक्त ते केतकरांनी धरलेले नव्हते.

चित्रापक्ष

केतकरांच्या कार्याचा रोजच्या व्यवहारावर झालेला परिणाम मात्र पंचांगातच शोधावा लागतो. निरयन राशिचक्राचा आरंभ कोठे मानावा, यावर मोठा वाद होता. लोकमान्य टिळकांच्या पक्षाने रेवतीतील एक मंद तारा आरंभी मानला. केतकरांनी चित्रा ही तेजस्वी तारा १८० अंशांवर धरून तिच्या समोरचा बिंदू आरंभ मानला. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक आहे. त्यामुळे टिळक पंचांगात मकरसंक्रांत चारेक दिवस आधी येते आणि काही वर्षी अधिक महिनाही वेगळा पडतो, म्हणजे सणच वेगळ्या महिन्यात जातात.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील दिनदर्शिका सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात २१ मार्च १९५६ या दिवसासाठी २३ अंश १५ कला हे अयनांश स्वीकारले. ते चित्रापक्षाशी जुळणारे आहेत. आज महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे याच पक्षाची आहेत. केतकरांचा कालगणनेवरील ‘इंडियन अँड फॉरिन क्रोनॉलॉजी’ हा इंग्रजी ग्रंथ १९२३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने प्रसिद्ध केला.